खाडीतले भगत, सात आसरा आणि भराव

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, कोन, अंजूर, खारबाव, पाये या खाडीपट्ट्यातल्या मंडळींनी तर जरूर वाचा, कारण विषय तुमच्या दारातला आहे.

कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला एक रील पाठवलं. परदेशातली कुणी बाई, गुडघाभर चिखलात उभी, हातात कंदील, गळ्यात मुळ्यांची माळ. दलदलीतल्या वनस्पती गोळा करते, पाण्याला काहीतरी पुटपुटते आणि स्वतःला चेटकीण म्हणवते. खाली प्रश्न होता, "सर, आपल्याकडे असं काही होतं का?"

होतं ना. पण एक फरक आधी सांगतो. इंग्लंडने चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द केला. पुढे १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर नावाच्या माणसाने चेटकावर पुस्तक लिहिलं आणि त्यातून निसर्गपूजेचा एक नवा पंथच उभा राहिला. आज तिकडे चेटकीण असणं हा छंद आहे. आपल्याकडे कुठलीही बाई आपणहून हा शब्द स्वतःला लावत नाही. तो दुसरे लावतात. आणि एकदा लागला की काय होतं, ते पुढे येईलच.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला पॉवरलूम आणि गोदामं आठवतात. पण नकाशा उघडून बघा. गावातून कामवारी वाहते आणि खाडीला मिळते. खाली उल्हासची खाडी वसईपर्यंत जाते. दिवसातून दोनदा भरती आत शिरते. खारबाव, खारडी, पलीकडे खारीगाव. ही नावं उगाच पडलेली नाहीत. खार म्हणजे समुद्राच्या तोंडून काढून घेतलेली जमीन. मातीचा बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार बंद. आत भात पिकवायचं. कुठे खारं पाणी मुद्दाम आत घेऊन मीठ. आगरी हा शब्दच मिठाच्या आगरावरून आला, असं मानतात.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण उधाणाला बांध एकदा फुटला की खारं पाणी शेतात पसरतं आणि मीठ धुऊन निघेपर्यंत पीक येत नाही. त्यात चिखलात पाय रुतून माणूस जायचा, पाण्यात साप, पावसाळा संपता संपता हिवताप. सरकारने खारजमिनींसाठी कायदा केला तो १९४८ साली. त्याआधीच्या शेकडो वर्षांत या सगळ्या संकटांपुढे गावाकडे दोनच गोष्टी होत्या. एक, सगळ्यांनी मिळून बांधावर जाणं. दुसरी, भगत.

भगत म्हणजे नेमकं काय, हे शहरातल्या वाचकाला सिनेमातूनच माहीत असतं. कवट्या, काळे कपडे, लालभडक डोळे. आमच्या भागातला भगत साधा शेतकरी किंवा मच्छीमार. आगरी, कोळी, वारली, कातकरी, कुणीही. सुपात तांदूळ घेऊन दाणे बघणार, धूप घालणार, अंगात वारं येणार, मग सांगणार: अमुक ठिकाणी देणं राहिलंय, उतारा ठेवा. लिंबू, नारळ, कोंबडं. हे झालं दिसणारं. न दिसणारं जास्त महत्त्वाचं. कुठल्या खाचरात पाणी किती, कुठे चिखल गिळतो, कुठली मुळी कशावर, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं.

या गोष्टी कागदावर आल्या, त्याचीही एक गोष्ट आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी गोळी घातली, त्याला लोकसमजुती गोळा करायचा नाद होता. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवली होती. तुमच्याकडे विहिरीत कोण राहतं, भुतं किती प्रकारची, आजार कुणामुळे होतात. मास्तरांनी इमानेइतबारे उत्तरं लिहिली. जॅक्सन गेल्यावर एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने त्यांचे दोन खंड काढले आणि कोकणचा खंड १९१५ साली आला. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांची उत्तरंही त्यात आहेत. ज्याच्या खुनाने इतिहास घडला, त्याच माणसामुळे आपल्या आज्या-पणज्यांची भुतं टिकली. योगायोग म्हणा.

या पाण्याच्या भुतांमध्ये पहिला मान सात आसरांचा. साती आसरा, काही ठिकाणी नुसत्याच 'बाया'. पाण्याच्या काठावर ओळीने सात दगड, शेंदूर, हिरव्या बांगड्या. आसरा हा शब्द अप्सरेवरून आला, असं सांगतात. स्वर्गातली अप्सरा आमच्याकडे येऊन चिखलात उतरली आणि पोरांना ओढून न्यायला लागली. दा. ध. कोसंबींनी मावळातल्या अशाच पाण्याकाठच्या देवींचा माग काढला आणि मावळ हे नावच त्यांच्यावरून आलं असावं, असं मत मांडलं. ॲन फेल्डहाउस या अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये महाराष्ट्रातल्या नद्या आणि बाईपण यावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यातही आसरा आहेत. म्हणजे विषय किरकोळ नाही.

दुसरा गिऱ्हा. बुडून मेलेल्याचं भूत. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारतो, मासे दाखवतो, खोल पाण्यात नेतो. तिसरा चकवा, जो रात्रभर बांधावरून माणसाला गोल गोल फिरवतो. आणि लांबून पेटलेला दिसणारा आग्या वेताळ. दलदलीतल्या वायूचं शास्त्र आपल्याला माहीत आहे. इटलीच्या व्होल्टाने १७७६ मध्ये तळ्याच्या चिखलातून निघणारा वायू बाटलीत भरला, तोच मिथेन. तो जळतो, हे नक्की. दलदलीत आपोआप पेटतो कसा, यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. वेताळाला तेवढी जागा अजून शिल्लक आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. या भुतांचं वेळापत्रक काढून बघा. तिन्हीसांजेला पाण्याकडे जाऊ नये. एकट्याने जाऊ नये. अमावस्येला तर नाहीच. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी सगळ्यात वर चढतं आणि परतताना सगळ्यात जोरात ओढतं. आसरांची जागा बहुतेक डोहापाशी नाहीतर वळणावर, जिथे पाय टिकत नाही. "तिकरं जाव नको, आसरा हाईत" असं आजी नातवाला सांगायची, तेव्हा ती त्याला भरती-ओहोटीचं गणितच शिकवत होती. पाटी लावली असती तर पोराने वाचली नसती. सात बायांना मात्र तो घाबरला.

झाडपाल्याचंही तसंच. वेखंड ओळखता ना? बाळगुटीत उगाळतात, बाळाच्या आसपास ठेवतात, वाईट नजर लागू नये म्हणून. वेखंड ही पाणथळीतच वाढणारी वनस्पती. चिखलातलं मूळ, उग्र वास, किडे लांब राहतात. त्यातलं गुणकारी आणि घातक दोन्ही खरं. अमेरिकेने १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली, त्यातल्या एका रसायनामुळे. बाळाला उगाळून देणाऱ्या आयांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ओढ्याकाठची निर्गुडी, तिचा धूर आणि शेक सुजेवर. खाजणातली काटेरी मारांडी सांधेदुखीवर. आणि गेवा नावाचं झाड, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. दलदलीत काय तोडायचं यापेक्षा कशाला हात लावायचा नाही, हे ज्ञान मोठं. ते सगळं भगताकडे होतं, मंत्रात गुंडाळून. मंत्र त्याची फी वसूल करायला. (हे माझं मत. भगतांना मान्य नसेल.)

पण इथेच थांबलो तर मी पण त्या रीलवाल्या बाईसारखाच चिखलाला गुलाबी रंग लावीन.

सापाचं घ्या. भातखाचरात आणि खाडीकाठी सगळ्यात जास्त दिसतो तो पाणदिवड, विरोळा. चावतो कचकचून, रक्त येतं, पण विष नाही. असा माणूस भगताकडे नेला की तो बरा होणारच. भगताने काय, मी पेपर वाचून दाखवला असता तरी बरा झाला असता. कधी कधी विषारी साप चावूनही विष सोडत नाही, तेही यश भगताच्याच खात्यावर. आणि ज्या दिवशी खरी घोणस नाहीतर मण्यार चावते, त्या दिवशी तेच सूप, तेच दाणे, तोच धूप, आणि दोन तास वाया. ते दोन तास म्हणजे माणसाचा जीव. वीसेक वर्षांच्या बातमीदारीत मी अशा बातम्या लिहिल्या आहेत. बातमी चार ओळींची असते. 'उपचारापूर्वीच मृत्यू.' उपचारापूर्वी काय झालं, ते चार ओळींत मावत नाही.

आणि बाया. भगताने दाणे बघून आजार कुणामुळे हे सांगितलं, तर ते 'कुणी' कायम पाण्यातलं भूत नसायचं. कधी ती गावातलीच असायची. भुताळी. विधवा, एकटी, जरा तोंडाने फटकळ, किंवा नावावर तुकडाभर जमीन असलेली. पेशव्यांच्या कागदपत्रांतही कोकणातल्या अशा तक्रारी सरकारदरबारी गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे राज्यकर्त्यांनाही हे खरंच वाटत होतं. अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये पश्चिम भारतातल्या, मुख्यतः डांगच्या बाजूच्या, बायांवरच्या या हिंसेवर लेख लिहिला. आमच्या ठाणे-पालघरच्या वारली पट्ट्यातही भुताळी हा शब्द आजीच्या गोष्टीपुरता नव्हता. पाण्यातल्या सात बायांना हिरव्या बांगड्या आणि गावातल्या एका बाईला दगड, हे दोन्ही एकाच सुपातल्या दाण्यांनी ठरवलं जात होतं.

म्हणून २०१३ चा कायदा मला मोलाचा वाटतो. २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा. अमुक बाई करणी करते, तिच्यामुळे गाईचं दूध आटलं, असं पसरवणं हा गुन्हा. लोक म्हणतात, 'कायद्याने देवधर्म बंद केला.' साफ खोटं. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना कायद्याने हात लावलेला नाही. उघाडीवर नारळ ठेवलात तर कोणी पकडणार नाही. वज्रेश्वरीचंच घ्या. चिमाजी आप्पांनी वसई मोहिमेत देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला पडल्यावर देऊळ बांधलं गेलं, अशी परंपरा आपण अभिमानाने सांगतो. सेनापतीने बोलला की नवस, कातकऱ्याने बोलला की अंधश्रद्धा, असं कायदा म्हणत नाही. आपण म्हणतो.

गोव्यात ही गोष्ट जरा वेगळी वळली, म्हणून सांगतो. तिथेही आपल्यासारख्याच खाजण जमिनी, तसेच बांध, उघाडीला तिकडे मानस म्हणतात. राखणदार देवचार गावाची सीमा सांभाळतो, त्याला रोट, दारू, विडी. फोंडा तालुक्यात दुर्भाट, बांदोडा भागात पौष अमावस्येला शेतकरी खाजणाच्या चिखलाचीच मगर करतात आणि तिची पूजा करतात. मांगे थापणी. ज्या मगरीची भीती, तिलाच चिखलातून घडवायचं. यात कोणी बाई भुताळी ठरत नाही, कोणाचा दवाखाना चुकत नाही आणि वर्षातून एकदा अख्खा गाव बांधावर उतरतो. म्हणजे भीती आणि भक्ती ठेवून विष काढता येतं.

आमच्याकडे झालं उलटं. विष राहिलं, चिखल गेला. भगताची जागा घेणारे बाबा आता फ्लॅटमध्ये बसतात, ऑनलाइन पैसे घेतात, त्यांना पाणदिवड आणि घोणस यातला फरक सांगता येणार नाही. आणि खाजणांवर भराव. २६ जुलै २००५ ला भिवंडी पाण्यात होती, हे चाळिशीच्या पुढच्या कोणालाही सांगायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिच्याभोवती पन्नास मीटरांत बांधकामाला मनाई केली. सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालात तेच आणखी ठासून सांगितलं. वनखात्यात खारफुटीसाठी वेगळा कक्ष २०१२ पासून आहे. कागद भक्कम आहेत. तरी रात्री डंपर येतात. आधी तिवरांच्या मुळाशी राडारोडा, मग भरतीचं पाणी अडवायचं, मग झाडं आपोआप वाळतात. वाळलेली झाडं 'तोडली' असं कुठे सिद्ध होतं? आणि जमिनी विकणारा कोणी परका नाही. आपल्याच भावकीतला.

भगताच्या काळात त्या तिवरात कुऱ्हाड घेऊन शिरायला लोक घाबरायचे, तिथे चेडोबा आहे म्हणून. आज घाबरायला पंचनामा आहे, आणि पंचनाम्याला कोणी घाबरत नाही. मला चेडोबा परत नको आहे. मला तो पंचनामा वेळेवर झालेला हवा आहे. तुमच्या गावाच्या हद्दीत भराव पडताना दिसला तर फोटो काढा, तारीख-वेळ-लोकेशनसह, आणि तहसीलदार व वनखात्याचा खारफुटी कक्ष दोघांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तोंडी सांगू नका. पोचची झेरॉक्स मला पाठवा, मी छापतो.

खाडीलगतच्या एका गावात आसरांचे सात दगड आता गोदामाच्या कंपाउंडच्या आत आहेत. गावातल्या बायांना गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून आत जावं लागतं, 'कामाचं स्वरूप' या रकान्यासकट. बहुतेक जणी आता जात नाहीत. शेंदूर मात्र ताजा दिसला, म्हणून मी वॉचमनला विचारलं. तो जौनपूरचा. म्हणाला, अमावस्येला मीच नारळ फोडतो, रातपाळी आहे आणि मागे पाणी आहे.