राउटर घेताना काय बघायचं?

"घरी वायरवाला राउटर घ्यायचाय. स्वस्त आणि टिकाऊ कुठला?" असं कुणी विचारलं की मी २०१८ ची गोष्ट सांगतो.

लॅटव्हियातली मायक्रोटिक ही १९९६ सालची कंपनी. तिचे छोटे वायर्ड राउटर स्वस्त आणि दणकट. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या विनबॉक्स सेवेत भोक सापडलं: बाहेरून कुणालाही पासवर्डची फाइल वाचता यायची. कंपनीने लगेच दुरुस्ती दिली, पण असंख्य लोकांनी ती टाकलीच नाही! ऑगस्टपर्यंत दीड लाखाहून जास्त राउटर, त्यातले बरेच ब्राझीलमधले, चोरून मोनेरो खणण्याच्या कामाला जुंपले गेले.

बातमी वाचून मी घरचा राउटर उघडला. शेवटचा अपडेट कधी केला होता? आठवेना.

तेव्हा स्पीड नंतर बघा. आधी विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार? आणि ते टाकणार कोण? दुसऱ्याचं उत्तर आपणच.