विहीर, दगड आणि हान यू

चिनी भाषेत पडण्यासंबंधीचे वाक्प्रचार विपुल आहेत. आभाळ कोसळेल या धास्तीने अन्न आणि झोप गमावलेला, ‘लिएत्झ’ या प्राचीन ग्रंथातला छी राज्याचा माणूस त्यांपैकी सर्वांत परिचित. आम्हांला मात्र येथे ‘लुओ जिंग शिया शी’ या चार अक्षरांकडे वळायचे आहे : विहिरीत पडलेल्यावर दगड टाकणे. आपल्या ‘जखमेवर मीठ चोळणे’शी त्याचे नाते जोडता येईल, परंतु या शब्दांमागे एका दिवंगत मित्राची हकीकत आहे.

इ. स. ८०५ मध्ये थांग दरबारातील सुधारणेचा एक प्रयत्न काही महिन्यांतच फसला. त्यात सामील असलेले लिऊ त्सोंगयुआन आणि लिऊ यूशी हे दोघे कवी दूर दक्षिणेकडे धाडले गेले. दहा वर्षांनी, ८१५ साली, त्यांना राजधानीस परत बोलावले ते अधिकच दूर पाठविण्यासाठी. यूशीच्या वाट्याला पोचौ हा दुर्गम मुलूख आला आणि घरी त्याची आई वृद्ध. तेव्हा त्सोंगयुआनने आपले लिऊचौ त्याला देऊन स्वतः पोचौला जाण्याची तयारी दाखविली. अखेर यूशीची नेमणूक बदलली. त्सोंगयुआन मात्र ८१९ मध्ये लिऊचौलाच वारला.

त्याचा समाधिलेख ८२० मध्ये हान यूने लिहिला. या अदलाबदलीचा प्रसंग सांगता सांगता तो एकाएकी संतापतो. एरवी काळीज काढून दाखविणारे, सूर्याच्या साक्षीने शपथा वाहणारे स्नेही केसाएवढा स्वार्थ आडवा येताच ओळख विसरतात. खड्ड्यात पडलेल्याला हात देणे दूरच, उलट आत ढकलून वर दगड टाकतात, असा त्याचा आशय आहे. मुळातला शब्द श्वापदे पकडण्याच्या खड्ड्याचा. विहीर मागाहून आली. दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, हे त्याचे कारण असावे.

संताप उसना नव्हता. बुद्धाच्या अस्थीच्या राजपूजेला विरोध केला म्हणून ८१९ मध्ये हान यू स्वतःच छाओचौला हद्दपार झाला होता. तरीही हा लेख निव्वळ स्तुती नव्हे. तारुण्यात मित्राने स्वतःला जपले नाही, हे तो नोंदवितो. आणि विजनवास इतका दीर्घ नसता तर त्याचे साहित्य या योग्यतेला पोचले नसते, असेही सुचवितो. मित्राच्या समाधिलेखात हे लिहिण्याचे धैर्य आम्हांस दगडाच्या त्या प्रतिमेहून मोठे वाटते.

‘यी लुओ छिएन जांग’, म्हणजे एका पडण्यात हजार जांग (एक जांग दहा चिनी फुटांचा), हा वाक्प्रचारही हान यूच्याच लेखणीतला. आज तो भाव, परीक्षेतले गुण किंवा प्रतिष्ठा घसरल्यावर वापरतात. त्याच्या कवितेत मात्र इतका खोल उतरला होता तो यिंग नावाच्या वादकाच्या ‘छिन’ या तंतुवाद्याचा स्वर.