किकाकुई अंकांचे संगणकीय संकेतन

किकाकुई ही सिएरा लिओनमधील मेंडे भाषेची, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी लिपी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोहम्मद तुरे यांनी तिचा पाया घातला; किसिमी कामारा यांनी ती वाढवली आणि तिचा प्रसार केला. पुढे १९४० च्या दशकात रोमन अक्षरांतल्या साक्षरता प्रसाराने तिला मागे सारले. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत तिचा समावेश झाला. या कामात खरा कस लागतो तो अंकांपाशी, कारण त्यांत शून्य नाही. एक ते नऊ अशी नऊ चिन्हे आणि त्यांच्याखाली जोडायच्या सात खुणा आहेत : अकरा ते एकोणीस या संख्यांसाठी एक, शिवाय दशक, शतक, सहस्र, दशसहस्र, लक्ष आणि दशलक्ष यांच्या. दोनशे सहा लिहायचे तर दोनखाली शतकाची खूण येते आणि डावीकडे सहा. युनिकोडने ही घडण जशीच्या तशी राखली आणि या नऊ चिन्हांना दशमान अंकांच्या वर्गात घातले नाही. हा निर्णय योग्यच होता.

त्यावर पहिला आक्षेप सोयीचा. सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये रचलेल्या न्को लिपीत शून्यासह दहा अंक आहेत आणि संगणक ते सहज वाचतो. मग इथेच वेगळा न्याय का? कारण न्कोचे अंक मुळातच स्थानमूल्याचे आहेत. किकाकुईच्या चिन्हांवर तोच शिक्का मारला असता, तर खुणा वगळून वाचणाऱ्या प्रणालीने वरच्या दोनशे सहाचे सव्वीस केले असते. हिशेबाच्या जुन्या कागदात अशी चूक म्हणजे पुरावाच बिघडणे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खुणा वेगळ्या ठेवल्या तर अपुऱ्या फाँटमध्ये त्या निसटतात, म्हणून जोडलेली रूपेच द्यायला हवी होती. पण मग सोळा चिन्हांच्या कामाला आणखी त्रेसष्ट रूपे लागली असती. शिवाय फाँट सुधारता येतो. युनिकोडमध्ये एकदा शिरलेले चिन्ह मात्र काढता येत नाही.

वापरणारे थोडे, मग एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न तर मराठी वाचकाने विचारूच नये. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात चारशे आणि सातशे लिहिताना शंभराच्या चिन्हालाच गुणक जोडलेला आहे. ब्राह्मीत आज कोणी हिशेब लिहीत नाही, तरी युनिकोडने तिच्या संख्यांसाठी स्वतंत्र जोडचिन्ह दिले आहे. किकाकुईचे कागद तर जेमतेम शतकभराचे.