संक्रांत आणि पानिपत

जानेवारीची चौदावी तारीख महाराष्ट्राच्या दिनदर्शिकेंत मोठी दाटीवाटीची आहे. त्या दिवशीं बहुधा मकरसंक्रांत असते. सुवासिनी सुगडांचें वाण देतात आणि वर्षभर अबोला धरलेले शेजारीही तिळगुळाच्या निमित्तानें बोलूं लागतात. शाळांतून हाच दिवस भूगोलदिन म्हणून पाळला जातो. १९९४ सालीं याच तारखेस मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें. त्याच्या स्मरणार्थ तेथें दरवर्षीं मोठा जनसमुदाय लोटतो. आणि या सर्वांच्या मागें १७६१ सालचें पानिपत उभें आहे.

एकाच चौकटींत दोन नांवें आलीं कीं त्यांची सोयरीक जुळावयास वेळ लागत नाहीं. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशीं झाली व ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार तेव्हांपासून रूढ झाला, असें पुष्कळ लोक मानतात. ही समजूत इतकी नीटस आहे कीं ती पारखून पाहण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. आम्हांस मात्र ती पारखणें अगत्याचें वाटतें.

लढाई झाली तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. संक्रांत तिथीनें ठरत नाहीं, सूर्याच्या राशिप्रवेशानें ठरते; आणि आपल्या पंचांगांचें निरयन वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारें वीस मिनिटांनीं मोठें आहे. त्यामुळें दर सत्तर वर्षांच्या सुमारास संक्रांत एक दिवस पुढें सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजीं झाला, व तो दिवस संक्रांतीचा होता, हें प्रसिद्धच आहे. त्याच्याही मागें शंभर वर्षें गेलें म्हणजे ती नऊ-दहा जानेवारीच्या सुमारास पडते. अर्थात् भाऊसाहेब रणांत उतरले तेव्हां संक्रांत होऊन चार-पांच दिवस लोटले होते.

वाक्प्रचारासही पानिपताची गरज नाहीं. पंचांगांत संक्रांत ही देवता वाहनावर बसून येते. ती जें जें धारण करील तें महाग होणार, जिकडे पाहील तिकडे पीडा होणार, अशी लोकांची जुनी भावना आहे. अशी देवता एखाद्यावर ‘येणें’ म्हणजे काय, हें सांगावयास लढाई कशाला हवी?

हा केवळ चार दिवसांचा वाद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण वाईट दिवसाच्या माथीं पराभव मारला कीं त्याचीं खरीं कारणें झांकलीं जातात. त्याच मोहिमेंत भाऊसाहेबांनीं कुंजपुरा जिंकून ऑक्टोबर १७६० मध्यें दसरा विजयानंदांत साजरा केला होता. दसऱ्याहून शुभ दिवस कोणता? तथापि त्यानंतर थोड्याच दिवसांत अबदालीनें बागपताजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट रोखली. पुढें अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतास अडकून पडली. सूरजमल जाट पूर्वींच निघून गेला होता, रजपूत स्वस्थ बसले होते. अबदालीची रसद तोडूं पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. बरोबर यात्रेकरू व बायकामुलें. धान्य संपलेलें, जनावरें मरत चाललेलीं. शुभ दिवसानें तारलें नाहीं, तर अशुभ दिवसानें बुडविलें असें कां म्हणावें?

उलट खरी तारीख समजूतीहून अधिक दारुण आहे. त्या वर्षीं संक्रांत आली ती रणभूमीवर नव्हे, उपाशी छावणींत. सण मागें पडला, भूक राहिली. आणि अष्टमीच्या सकाळीं उपासमारीनें मरण्यापेक्षां लढून मरावें म्हणून ती फौज बाहेर पडली. विश्वासराव व भाऊसाहेब पडले. त्या धक्क्यानें खचलेले नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले.

अलीकडे कांहीं वर्षीं संक्रांत पंधरा जानेवारीस येऊं लागली आहे. कांहीं दशकांनीं ती चौदावी तारीख कायमची सोडील, आणि पानिपत त्या चौकटींत एकटें उरेल. तेव्हां तरी त्या दिवशीं ग्रहांस बोल न लावतां रसदेचा हिशेब पाहिला जावा, एवढीच आमची इच्छा आहे.