दोन बटणं आणि गटाचा हिशोब

बचत गटाच्या कामासाठी आता आपल्याला वरचेवर संगणकासमोर जावं लागतं. कधी ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रात, कधी बँकेत, कधी प्रभाग संघाच्या कार्यालयात. तिथे बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. खुर्चीवर ऑपरेटर बसलेला आणि त्याच्या मागे गटाच्या अध्यक्ष आणि सचिव उभ्या. पडद्यावर बँकेचा उतारा येतो आणि जातो. त्याच्या जागी कर्जाचा तक्ता येतो, तोही जातो. "बरोबर आहे ना ताई?" असं विचारलं की आपण मान हलवतो. आकडा मात्र वाचून झालेला नसतो.

हे पडदे इतक्या झटपट बदलतात, ते कीबोर्डवरच्या दोन बटणांनी. एकाचं नाव ऑल्ट, दुसऱ्याचं टॅब. आज या दोन बटणांची गोष्ट सांगते. गोष्ट जुनी आहे, आणि तिची सुरुवात संगणकाच्या पुष्कळ आधी होते.

१८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने टाइपरायटर बाजारात आणला. ही कंपनी बंदुका बनवायची आणि शिलाई मशीनही बनवायची. म्हणून तो पहिला टाइपरायटर शिलाई मशीनसारख्याच टेबलावर बसवलेला होता. त्याच्यावर फुलांची नक्षी होती आणि ओळ बदलायला खाली पायडलसुद्धा होतं! चार वर्षांनी, १८७८ मध्ये, त्यात शिफ्टचं बटण आलं. ते दाबलं की यंत्राचा भाग सरकायचा आणि मोठं अक्षर उमटायचं. पुढे टॅब आलं. टॅब म्हणजे टॅब्युलेटर, म्हणजे तक्ता करणारं बटण. तारीख एका रकान्यात, नाव दुसऱ्यात, रक्कम तिसऱ्यात. दर वेळी जागा मोजत बसायला नको, बटण दाबलं की कागद थेट पुढच्या रकान्यावर. म्हणजे टॅब हे बटण मुळात हिशोबाच्या कामासाठीच जन्माला आलं.

या यंत्रामुळे कचेरीचं दार बायकांसाठी उघडलं. आधी युरोप-अमेरिकेत, मग आपल्याकडे. १९५५ मध्ये गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि सरकारी कामकाज मराठीतून करायचं ठरलं. मग मराठी टायपिंग येणाऱ्यांची गरज वाढली. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द असं प्रमाणपत्र लागायचं, आजही लागतं. नागपुरात आणि तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासमध्ये खटखट करणाऱ्या मुली आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिल्या असतील. काही जणी स्वतः त्यात असतील. दहा बोटं चालली की पगार सुरू, हे त्या घरांनी ओळखलं होतं.

आता संगणकाकडे येऊ. सुरुवातीच्या घरगुती आणि कचेरीतल्या संगणकांवर एका वेळी एकच काम पडद्यावर दिसायचं. पत्र लिहिताना हिशोब बघायचा तर पत्र बंद करायचं, हिशोब उघडायचा. आपण बँकेत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जातो आणि दर वेळी नव्याने रांगेत लागतो ना, तसंच.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात यावर तोडगा निघाला. पडद्यावर एकावर एक कागद ठेवावेत तशा चौकटी दिसू लागल्या. त्यांना नाव पडलं विंडो, म्हणजे खिडकी. हे काम करणाऱ्या गटात अॅडेल गोल्डबर्ग नावाची एक संशोधक बाई होती. १९७९ मध्ये अॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स हे सगळं पाहायला आले. आपलं काम असं दुसऱ्या कंपनीला दाखवू नका, असं गोल्डबर्ग यांनी ठणकावून सांगितलं. वरच्या साहेबांनी ऐकलं नाही, दाखवायला लावलं. १९८४ मध्ये अॅपलचा मॅकिंटॉश संगणक आला आणि खिडक्या जगभर पोहोचल्या. काम कुणाचं आणि ते कुणापुढे उघडायचं हे ठरवणार कोण, हा प्रश्न काही फक्त आपल्या गटातच पडतो असं नाही.

१९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज काढलं. त्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी लागायच्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. सोय झाली, पण अडचणही आली. वरची खिडकी खालचीला झाकते. मग खालची काढायची कशी?

माऊसने, असं आपण आज पटकन म्हणू. पण तेव्हा माऊस पुष्कळांकडे नव्हताच. तो वेगळा विकत घ्यावा लागायचा. म्हणून खिडकी बदलायची वाट कीबोर्डवरूनही ठेवली होती. ऑल्ट धरायचं आणि टॅब दाबायचं. ऑल्ट म्हणजे 'दुसरा'. नेहमीच्या बटणाला दुसरं काम लावणारं बटण. रकाने बदलणाऱ्या टॅबला त्याने खिडक्या बदलायला लावलं. १९८७ मध्येच आयबीएम कंपनीने संगणक कसा वापरता यावा याचे नियम बांधले. त्यात एक तत्त्व होतं, की जे काम माऊसने होतं ते कीबोर्डनेही झालं पाहिजे. हे तत्त्व पुढे टिकलं, म्हणून ती दोन बटणं आजही चालतात.

रूप मात्र बदलत गेलं. १९९२ च्या विंडोजमध्ये टॅब दाबल्यावर पडद्याच्या मधोमध एक छोटा डबा यायचा आणि त्यात खिडकीचं नाव दिसायचं. १९९५ मध्ये सगळ्या खिडक्यांची चिन्हं एका ओळीत आली. २००७ च्या विस्टापासून प्रत्येक खिडकीचं छोटं चित्रच दिसू लागलं. तीस-पस्तीस वर्षांत दिसणं बदललं, बोटांची सवय तीच राहिली.

आता ती सवय लावून घेऊ. स्पेसबार म्हणजे खालचं लांब बटण. त्याच्या डाव्या बाजूला ऑल्ट आहे. टॅब अगदी डाव्या कडेला, वरच्या बाजूला आहे. डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून धरा. सोडू नका. दुसऱ्या बोटाने टॅब एकदा दाबा. उघडलेल्या खिडक्यांची चित्रं दिसतील. टॅब पुन्हा दाबलं की निवड पुढच्या चित्रावर सरकते. हवी ती खिडकी आली की ऑल्ट सोडा. ती खिडकी समोर येईल. पुढे निघून गेलात तर शिफ्टही धरून टॅब दाबा, मागे येता येतं. दोन खिडक्यांमध्येच जा-ये करायची असेल तर एकदाच दाबून सोडायचं. संगणक शेवटची वापरलेली खिडकी लक्षात ठेवतो, म्हणून पुन्हा तेच केलं की जिथून निघालो तिथेच परत. इंटरनेटच्या एकाच खिडकीत दोन-चार पानं उघडली असतील, तर ती बदलायला ऑल्टऐवजी कंट्रोल धरून टॅब दाबायचं. आणि ऑल्टबरोबर एफ-फोर दाबू नका, त्याने खिडकी बंदच होते.

आता हे आपल्या गटाला कशाला? १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हा गटाची सगळी पत एका वहीवर उभी होती. ती वही सभेत सगळ्यांसमोर उघडायची. कुणी काय भरलं ते मोठ्याने वाचलं जायचं. आता वहीच्या जोडीला संगणक आला. नोंद वेगळ्या खिडकीत, बँकेचा उतारा वेगळ्या खिडकीत. खिडकी जिच्या हातात, ताळा तिच्या हातात.

एक उदाहरण घ्या. समजा, गटाच्या तक्त्यात कर्जाचा हप्ता ४,८५० रुपये लिहिलाय आणि बँकेच्या उताऱ्यात ४,५८० जमा दिसतात. फरक २७० रुपयांचा. घाईत पाहिलं तर दोन्ही आकडे सारखेच वाटतात. ऑल्ट-टॅबने दोन्ही खिडक्या लागोपाठ समोर आणल्या की ८५ आणि ५८ यांची अदलाबदल डोळ्यांत भरते. हिशोबनीस मंडळींची एक जुनी खूण आहे. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर आधी आकडे उलटे लिहिले गेले का ते बघायचं. २७० ला ९ ने भाग जातो, ३० वेळा. म्हणजे कदाचित पैसे कुठेच गेले नसतील, लिहिणाऱ्याचं बोट घसरलं असेल. पण हे कळलं नाही, तर सभेत एखाद्या बाईवर थकबाकीचा डाग बसतो. पुढच्या कर्जाला ती हात वर करत नाही. दोन अंकांच्या अदलाबदलीत बाईची पत जाऊ शकते.

आणखी एक उपयोग. सेवा केंद्रातून उठण्याआधी एकदा ऑल्ट-टॅब दाबायला सांगा. मागे आपल्या बँकेची खिडकी उघडी राहिली असेल तर लगेच दिसते. ती बंद करूनच उठायचं.

ज्या बहिणींना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी तर ही वाट मुख्य वाट आहे. पडद्यावरचं बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर असतात. एनव्हीडीए नावाचं त्यातलं एक तर मोफत मिळतं. ऑल्ट-टॅब दाबलं की ते खिडकीचं नाव बोलून सांगतं. माऊसचा बाण कुठे आहे ते दिसावं लागतं, बटण मात्र बोटांना सापडतं.

आपल्या मुलींनी एमएस-सीआयटी केलेलं असतं. प्रमाणपत्र ट्रंकेत पडून असतं. त्या मुलीला पुढच्या मासिक सभेला बोलवा. संगणक मिळाला तर उत्तम, नाही तर कागदावर कीबोर्ड काढून बटणांच्या जागा दाखवू द्या. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या तिघींची बोटं तरी त्यावर फिरू द्या. मग पुढच्या वेळी कुणी "बरोबर आहे ना ताई?" असं विचारलं, तर म्हणायचं, "थांब भाऊ, ती मागची खिडकी परत आण. आकडा वाचू दे." आणि खुर्ची मोकळी असेल तर स्वतःच बसायचं.