तीन दिवसांचा हक्क आणि विकलेली वचनचिठ्ठी : घरदुरुस्तीच्या कराराचा अमेरिकी इतिहास

१/ दारात आलेल्या विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलून संध्याकाळी घरदुरुस्तीच्या करारावर सही केली आणि सकाळी पश्चात्ताप झाला, तर? आज अमेरिकेत अशा ग्राहकाला तीन कामकाजी दिवसांत करार रद्द करता येतो. कारण सांगावे लागत नाही, दंडही पडत नाही. १९५४ साली हा हक्क अस्तित्वात नव्हता. तो कसा मिळाला आणि एवढ्याने का भागले नाही, त्याचा हा थ्रेड.

२/ आरंभ सद्हेतूतून झाला. महामंदीत, १९३३ साली, अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामगार बेकार होते आणि बांधकाम तर जवळजवळ ठप्प होते. गवंडी-सुतारांच्या हाताला काम मिळावे म्हणून २७ जून १९३४ रोजी नॅशनल हाउसिंग ॲक्ट आला. त्याच्या ‘टायटल वन’ या भागानुसार घरदुरुस्तीसाठी २,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळू लागले, तेही घर तारण न ठेवता. बँकेने दिलेल्या अशा एकूण कर्जांच्या २० टक्क्यांपर्यंतचे नुकसान सरकार सोसणार होते.

३/ या हमीचा अर्थ नीट पाहावा. सारख्या रकमेची शंभर कर्जे दिली आणि त्यांतील वीस समूळ बुडाली, तरी बँकेच्या खिशातून काहीच जात नव्हते. मग कंत्राटदार कोण, काम खरोखर झाले का, याची चौकशी बँकेने कशासाठी करावी?

४/ या फटीतून जे विक्रेते शिरले त्यांना तिकडे ‘डायनामाइटर’ किंवा ‘स्वेड शू बॉईज’ म्हणत. त्यांचा आवडता डाव असा : “तुमचे घर आम्ही नमुना म्हणून दाखवणार आहोत. ते पाहून शेजाऱ्यांनी काम दिले की प्रत्येक कामामागे तुम्हाला कमिशन. हप्ते त्यातूनच फिटतील.” नमुन्याचे घर पाहायला कोणी फिरकत नसे आणि त्याच गल्लीतील प्रत्येक घर ‘नमुना’ ठरलेले असे.

५/ सही मात्र एकाच कागदावर होत नसे. कराराबरोबर वचनचिठ्ठी असे, म्हणजे अमुक रक्कम देण्याचे लेखी वचन. कित्येकदा त्याच गठ्ठ्यात ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले’ असा दाखलाही असे. घराला हातोडा लागण्यापूर्वीच काम पूर्ण झाल्याची कबुली सहीनिशी दिलेली! विक्रेता ती वचनचिठ्ठी बँकेला विकून रोख पैसे घेई आणि पुढच्या गावी जाई.

६/ नंतर पत्रे निखळले, छत गळू लागले की ग्राहक हप्ते थांबवू पाहत असे. त्यावर बँकेचे उत्तर ठरलेले होते : छताचा वाद कंत्राटदाराशी घाला, आमच्याकडे आहे ती फक्त चिठ्ठी. आणि कायदा बँकेच्या बाजूने होता. हा कायदा आला कुठून, हे समजण्यासाठी दोन शतके मागे जावे लागते.

७/ डिसेंबर १७५६. लंडनहून टपालाने निघालेली बँक ऑफ इंग्लंडची एक नोट वाटेत दरोडेखोरांनी लुटली. दुसऱ्याच दिवशी ती मिलर नावाच्या खाणावळवाल्याकडे आली. त्याने ती पूर्ण मोबदला देऊन, चोरीची कल्पना नसताना घेतली होती. बँकेने पैसे नाकारले. ‘मिलर विरुद्ध रेस’ या खटल्यात १७५८ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मिलरच्या बाजूने निकाल दिला. हातोहात फिरणाऱ्या प्रत्येक नोटेचा पूर्वेतिहास तपासावा लागला तर व्यापारच थांबेल, असा त्यामागील विचार होता.

८/ सद्भावनेने मोबदला देऊन कागद घेणाऱ्याला मागच्या भानगडी बाधत नाहीत, हे तत्त्व वचनचिठ्ठ्यांनाही लागू झाले. (१८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टद्वारे ते भारतातही आहे.) व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत ते न्याय्यच होते. पण ज्या गृहिणीने आपली चिठ्ठी विकली जाईल हे ऐकलेही नव्हते, तिलाही तेच लावले गेले. कागद कामापासून तुटला, आणि फसवणुकीचे खरे इंजिन हेच होते.

९/ एप्रिल १९५४ मध्ये स्फोट झाला. टायटल वनमधील गैरव्यवहार आणि भाड्याच्या इमारतींवरील कर्जांतील नफेखोरी उघड होताच फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनचे आयुक्त गाय हॉलिडे यांना पायउतार व्हावे लागले. सिनेटर होमर केपहार्ट यांच्या समितीने चौकशी केली. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रत्येक बुडीत कर्जाचा काही वाटा बँकेवर टाकला. ग्राहकाच्या हाती मात्र अजून काहीच नव्हते.

१०/ मेरीलँड राज्याने १९६२ मध्ये घरदुरुस्ती कंत्राटदारांसाठी स्वतंत्र आयोग नेमला. बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘टिन मेन’ (१९८७) हा चित्रपट बाल्टिमोरच्या याच काळातील ॲल्युमिनियम-साइडिंग विक्रेत्यांवर आहे. चित्रपट गमतीदार आहे. मात्र ती गंमत विक्रेत्यांच्या बाजूने पाहिलेली आहे, हे विसरू नये.

११/ सही केल्यावर माघार घेण्याची कल्पना आधी ब्रिटनमध्ये कायद्यात आली. १९६४ च्या हायर-पर्चेस ॲक्टने दुकानाबाहेर झालेल्या हप्तेबंदीच्या करारांना चार दिवसांची मुदत दिली. दुकानातून ग्राहक उठून जाऊ शकतो. स्वतःच्या बैठकीच्या खोलीतून तो कुठे जाणार? साऱ्या कल्पनेचे मर्म या एका प्रश्नात आहे.

१२/ अमेरिकेत २९ मे १९६८ रोजी ट्रुथ इन लेंडिंग ॲक्ट झाला. ज्या कर्जामुळे राहत्या घरावर बोजा चढतो ते तिसऱ्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येऊ लागले. पुढे १९७४ च्या दुरुस्तीने एक कडक अट स्पष्ट झाली : हक्काची माहितीच दिली नसेल, तर मुदत तीन वर्षांपर्यंत लांबते. शेतकऱ्याला सातबाऱ्यावरील बोजा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; तीच धास्ती इथे होती.

१३/ घर तारण नसलेल्या दारोदार विक्रीसाठी फेडरल ट्रेड कमिशनने १९७२ मध्ये नियम केला. तो जून १९७४ पासून लागू झाला. त्यातील बारकावे वाचण्याजोगे आहेत. रद्द करण्याच्या अर्जाच्या दोन प्रती विक्रेत्यानेच द्यायच्या. सौदा ज्या भाषेत बोलून झाला त्याच भाषेत करार आणि सूचना हवी; स्पॅनिशमध्ये बोलून इंग्रजीत सही घेता येणार नाही. तातडीच्या दुरुस्तीसाठी हक्क सोडायचा असेल, तर ते ग्राहकाने स्वहस्ते लिहून द्यावे.

१४/ आणि सर्वांत नेमके कलम : सहीनंतरच्या पाचव्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपूर्वी विक्रेत्याने चिठ्ठी कोणालाही विकायची नाही. नियम करणाऱ्यांना दुखणे कुठे आहे ते कळले होते.

१५/ तरीही तीन दिवसांत पश्चात्ताप कळतो, गळके छत कळत नाही. त्यासाठी पहिला पावसाळा यावा लागतो. म्हणून १४ मे १९७६ पासून लागू झालेला कमिशनचा ‘होल्डर रूल’ अधिक मोलाचा म्हणावा लागतो, जरी प्रसिद्धी तीन दिवसांच्या हक्काला मिळाली. विक्रेत्याविरुद्धची प्रत्येक तक्रार चिठ्ठी घेणाऱ्याविरुद्धही मांडता येईल, असे वाक्य ग्राहक-कर्जाच्या कागदावरच छापणे सक्तीचे झाले. लुटलेल्या नोटेसाठी बनलेले तत्त्व दोनशे अठरा वर्षे चालून ग्राहकाच्या उंबरठ्यावर थांबले.

१६/ कंत्राटदार थांबले नाहीत. २००८ पासून कॅलिफोर्नियात ‘पेस’ योजना आली : सौर पॅनेल, खिडक्या यांसाठी कर्ज, परतफेड मालमत्ता कराबरोबर, आणि बोजा गृहकर्जाच्याही आधीचा. विक्रेते पुन्हा दारात आले, या वेळी सही टॅबलेटवर. तक्रारी वाढल्यावर राज्याने ६५ वर्षे व त्यावरील ग्राहकांसाठी घरदुरुस्तीचा करार रद्द करण्याची मुदत २०२१ पासून तीनवरून पाच कामकाजी दिवसांची केली.