कॉलनीत रहिवासी संघ कसा स्थापन करायचा? पिपलानीतल्या घरमालकांसाठी माहिती

भोपाळ : पिपलानी म्हणजे भेलची वसाहत. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली आणि कामगारांसाठी पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा भागात क्वार्टर्स उभी राहिली. क्वार्टरमध्ये असेपर्यंत नळ, गटार, रस्त्यावरचे दिवे कंपनी बघते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात गेलं की तक्रार न्यायची कुणाकडे, हा प्रश्न पडतो. उत्तर एकच : रहिवासी संघ. इकडे त्याला 'रहवासी समिति' म्हणतात.

नोंदणी कशी?
स्वतंत्र घरांच्या कॉलनीला मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदणी करता येते. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. आधी सर्वांची बैठक घ्या, इतिवृत्त लिहा, नाव आणि उद्देश ठरवा, कार्यकारिणी निवडा. मग ज्ञापन आणि नियमावली फर्म्स व संस्था निबंधकाकडे द्या. कागदपत्रं हिंदीत करणं सोयीचं.

फ्लॅट असतील तर मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० बघावा लागतो. महाराष्ट्रात बहुतेक इमारतींची सहकारी गृहनिर्माण संस्था असते, ती १९६० च्या सहकार कायद्याखाली. कर्नाटकात फ्लॅटसाठी १९७२ चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. म्हणून नातेवाइकांच्या सोसायटीची नियमावली जशीच्या तशी उतरवू नका.

बिल्डरचं काय?
रेरा कायदा, २०१६ सगळ्या राज्यांतल्या नोंदणीकृत प्रकल्पांना लागू आहे. स्थानिक कायद्यात तरतूद नसेल, तर बहुसंख्य घरं बुक झाल्यापासून तीन महिन्यांत संघ स्थापन करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. सामायिक जागा संघाच्या नावे करून देणंही त्याचंच काम. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला, तर कळवल्यापासून तीस दिवसांत त्याने तो विनामूल्य दुरुस्त करायचा. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या.

संघ टिकतो कशावर?
हिशेबावर. बँक खातं संघाच्या नावे, दोन सह्यांचं ठेवा. वर्गणीची पावती द्या. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घ्या. कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकाकडे दरवर्षी जातात. भाडेकरूंनाही बैठकीला बोलवा, पाणी त्यांनाही लागतं.

एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. शंभर घरांचा अर्ज बाजूला सारणं कोणालाही जड जातं.